लेणी, पॅगोडा आणि अभ्यासिका : मावशीबरोबर पाहिलेला धम्म

पहिला दिवस, शुक्रवार : छत्रपती संभाजीनगर

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणून शुक्रवारी सुरुवात करून शनिवार-रविवारी ही दोन्ही ठिकाणं पाहायची आणि मग नाशिक, इगतपुरी, गोराई करत दादरला यायचं, असा बेत मावशीने आखला. ती आयुष्यभर सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर विपश्यना या ध्यानपद्धतीच्या शिबिरांना जायला लागली.

माझ्या ऑफिसात अलीकडे ‘माइंडफुलनेस’ची सत्रं होतात. मोबाइलवर घंटा वाजते, डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं. त्याने बरं वाटतं, हे मी मनापासून सांगते. पण श्वासाकडे पाहण्याची ही रीत ज्या परंपरेतून आली, ती आपल्या डोंगरांत, वस्त्यांत, विहारांत किती खोलवर आहे, याचा त्या सत्रांत उल्लेखही नसतो. तो धागा मला प्रत्यक्ष पाहायचा होता.

सकाळीच औरंगाबाद लेण्यांकडे गेलो. बीबी का मकबऱ्याच्या पलीकडे, विद्यापीठामागच्या डोंगरात ही लेणी आहेत. बहुतेक पर्यटक अजिंठा-वेरूळच्या घाईत इकडे फिरकत नाहीत, आणि ही चूक फार मोठी आहे. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेला भव्य बुद्ध आहे आणि त्याच्यासमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत. जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती. प्रत्येकाची केशरचना वेगळी, कानातलं वेगळं, कुणाचे हात जोडलेले, कुणाच्या हातात हार. मी बुद्धाकडे कमी आणि या माणसांकडे जास्त वेळ पाहत होते. शिल्पकाराने त्यांना कोपऱ्यात ढकललेलं नाही. आत गेलं की आपणही त्यांच्याच रांगेत उभे राहतो.

सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचा), उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना आठ संकटं कोरली आहेत : आग, तलवार उगारलेला दरोडेखोर, बेड्या, बुडणारं गलबत, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेली माणसं त्याला हाक मारताहेत. व्यापारी तांड्यांच्या वाटेवरची ही लेणी, त्यामुळे भीतीही वाटसरूंच्याच.

मावशी बराच वेळ तिथे थांबली. म्हणाली, “बघ गं, यातली एकही भीती मनातल्या मनातली नाही. सगळी खरीखुरी, अंगावर येणारी.”

दुपारी नागसेनवनात गेलो. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यातल्या प्रश्नोत्तरांवरून ही नावं घेतली आहेत. राजा अवघड प्रश्न विचारत राहतो आणि भिक्खू दाखले देऊन उत्तरं देत राहतो. शिकायला येणाऱ्या पहिल्या पिढीसमोर प्रश्न विचारणाऱ्याचं नाव ठेवावं, ही निवड मला फार मोलाची वाटते. इथल्या कित्येक घरांत पहिला पदवीधर याच आवारातून बाहेर पडला.

विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मावशीने हात जोडले. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्याआधीच्या वर्षांत मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांनी काय सोसलं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. दरवर्षी त्या तारखेला इथे माणसांचा पूर येतो.

दुसरा दिवस, शनिवार : अजिंठा

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून लेण्यांकडे जाणारी बस धरली. वाघूर नदीने घोड्याच्या नालेच्या आकाराचं वळण घेतलंय आणि त्या कड्यात तीसच्या आसपास लेणी आहेत. काही इसवी सनापूर्वीची, बहुतेक पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली.

पहिल्या लेण्यात चपला काढून आत गेलं की सुरुवातीला काहीच दिसत नाही. रंग जपण्यासाठी दिवे मुद्दाम मंद ठेवलेत. बरेच जण याच क्षणी मोबाइल वर करतात, एक फोटो काढतात आणि बाहेर पडतात. आम्ही भिंतीपासून दूर, खांबाशी उभ्या राहिलो. डोळे सरावले तसं गाभाऱ्याच्या डावीकडून पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला अवलोकितेश्वर, हळूहळू पुढे आला.

त्याच्याविषयी बरंच वाचलं होतं, तरी समोर उभं राहिल्यावर त्याची नजर पाहून मी गप्प झाले. पापण्या खाली झुकलेल्या, भुवया एका दमात ओढलेल्या, अंग किंचित कललेलं, बोटांत निळं कमळ. गळ्यातल्या मोत्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके आहेत, तेवढेच अंधारात चमकतात. भोवती गर्दी आहे : राजस्त्रिया, सेवक, किन्नर, मोर, माकडं. त्या सगळ्या गजबजाटाच्या मधोमध तो उभा आहे आणि खाली पाहतो आहे. त्याने डोळे मिटलेले नाहीत, ही गोष्ट मला दिवसभर पुरली. इतक्या गर्दीत राहून तिच्याकडे करुणेने पाहता येतं, हे चित्रकाराने त्या दोन पापण्यांत सांगून टाकलं आहे.

हे रंग भिंतीवर कसे बसले, तेही पाहण्यासारखं आहे. कातळ छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवायचा, त्यावर माती, भुसा, वनस्पतींचे तंतू कालवून लिंपण द्यायचं, वर बारीक थर, मग चुन्याचा हात, आणि ते वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना ही बहुतेक आसपासचीच सामग्री. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानच्या डोंगरातून व्यापारी वाटेने आलेला. एका ठिकाणी लिंपणाचा पोपडा निघालाय, तिथे तंतू उघडे पडलेत. मी वाकून पाहत होते, तर पहारेकरी दादा म्हणाले, “ताई, श्वाससुद्धा लांबून घ्या. ओल धरते.” विनंती सरळ होती, आणि आम्ही मागे सरकलो.

दहाव्या लेण्यात खांबावर, आज हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव आणि 28 एप्रिल 1819 ही तारीख खरडली आहे. तेव्हा लेण्यात मातीचा ढिगारा होता, त्यावर उभं राहून. जगाला अजिंठा पुन्हा कळला तो असा, चित्रावरच ओरखडा काढून. जवळच इसवी सनापूर्वीच्या चित्रांचे अवशेष आहेत, धुरकटलेले, पण आपल्याकडची सर्वांत जुनी बौद्ध चित्रं.

पुढे या चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी जी मेहनत घेतली, ती वाचून जीव हळहळतो. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून वर्षानुवर्षं इथे काम केलं. त्यांच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. त्यांच्याही कित्येक नकला 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. जे. जे. मधली ती तरुण पोरं उन्हाळा-हिवाळा या अंधारात एकेक बोट, एकेक पापणी उतरवत बसली होती. आज ज्याला आपण ‘लक्ष देणं’ म्हणून शिकायला जातो, ते त्यांनी कुंचल्याने केलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आले. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या रेषेत अजिंठा उतरला तो या पिढीमुळे. याच नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे संविधानाचं मूळ हस्तलिखित सजवलं. त्या चित्रांत बुद्धाच्या जीवनातला प्रसंगही आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. अजिंठ्याच्या भिंतीपासून संविधानाच्या पानापर्यंतची ही वाट मला कुठल्याही शाळेत कुणी दाखवली नव्हती, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

सतराव्या लेण्यात गाभाऱ्याआधीच्या भिंतीवर भिक्षापात्र घेतलेला बुद्ध आहे. खूप उंच. समोर यशोधरा आणि राहुल, अगदी लहान आकारात, मान वर करून पाहताहेत. आई मुलाला हलकेच पुढे करते आहे. मावशी म्हणाली, “हिचं कुणी विचारलं का कधी?” चित्रकाराने निदान दाखवलं तरी, असं मी म्हटलं. यशोधरेच्या डोळ्यांत जे आहे ते त्याने लपवलेलं नाही.

सव्विसावं लेणं बुद्धभद्र नावाच्या भिक्खूच्या पुढाकाराने झालं, तसा शिलालेख आहे. डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती. उशीला हात टेकून बुद्ध कुशीवर निजला आहे आणि खाली शिष्य शोक करताहेत. कुणी डोकं धरून बसलंय, कुणी खाली मान घातलीय. रुग्णालयात असंख्य माणसांचा शेवट जवळून पाहिलेली मावशी त्या खालच्या रांगेकडे एकटक पाहत राहिली. बाहेर आल्यावरही ती त्याविषयी बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

तिसरा दिवस, रविवार : वेरूळ आणि एक विहार

रविवारची गर्दी कैलास लेण्याकडे वळते. बौद्ध लेणी एक ते बारा, उजव्या हाताला. पाचव्या लेण्यात दालनाच्या मधोमध दगडात कोरलेले दोन बुटके, लांबच लांब बाक आहेत. भिक्खू तिथे ओळीने बसून पाठ म्हणत असतील किंवा जेवत असतील, अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. काही का असेना, ती जागा एकट्याने बसण्यासाठी केलेली नाही, हे बाकांच्या लांबीवरूनच कळतं.

दहावं लेणं म्हणजे विश्वकर्मा, लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. छताला लाकडी कमानीसारख्या फासळ्या आहेत, सगळ्या दगडात. आत आवाज घुमतो. कुठल्या तरी गावाहून आलेल्या बायकांच्या जथ्याने “बुद्धं सरणं गच्छामि” म्हटलं आणि दुसरी ओळ सुरू झाली तरी पहिलीची आस छताखाली रेंगाळत होती. मावशीने त्यांच्या सुरात सूर मिसळला. अनोळखी बायका “जय भीम” करून पुढे गेल्या.

बाराव्या तीन ताल लेण्याच्या वरच्या मजल्यावर फार कमी लोक चढतात. तिथे एका ओळीत सात बुद्ध बसले आहेत. खालच्या भिंतींवर चौकोनात मधे बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व असे फलक आहेत; ध्यानासाठी काढलेली मंडलंच ती.

संध्याकाळी शहरात मावशीच्या मैत्रिणीच्या वस्तीतल्या विहारात गेलो, आणि हा दिवस मला वेरूळपेक्षा त्यामुळे जास्त लक्षात राहील. खाली छोटंसं दालन, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो शेजारी. रविवारची लहान मुलांची वंदना चालू होती. “पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि” हे पंचशीलातलं पहिलं, जीवहिंसा न करण्याचं शील सगळे एका दमात म्हणत होते. शिकवणाऱ्या ताई मधेच थांबवून अर्थ विचारत होत्या. मग त्यांनी मुलांना श्वास मोजायला लावला. महाराष्ट्रातल्या शाळांत ‘मित्र उपक्रम’ म्हणून आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान, शिकवलं जातं, बऱ्याच मुलांना ते शाळेतूनच माहीत होतं. एक चिमुरडा डोळे मिटून इतका जोरात श्वास घेत होता की शेजारची मुलगी फिस्सकन हसली, आणि ताईंनी दोघांनाही हसू दिलं.

वरच्या मजल्यावर अभ्यासिका. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा. प्रत्येकाला टेबलापुरता कप्पा, भिंतीवर वेळापत्रक, कोपऱ्यात पाण्याचा माठ. घरी एका खोलीत सहा माणसं असलेल्या मुलाला शांतता कुठून मिळणार? ती इथे वस्तीने वर्गणी काढून दिली आहे. माझ्या मते आजच्या महाराष्ट्रात बौद्ध धम्म जिवंत कसा आहे, हे पाहायचं असेल तर अशा अभ्यासिकेत जावं.

चौथा दिवस, सोमवार : नाशिक, इगतपुरी

त्रिरश्मी लेणी, म्हणजे नाशिकची पांडवलेणी. पायऱ्या चढून गेलं की दमछाक होते, पण दहाव्या लेण्यातल्या शिलालेखासाठी यायलाच हवं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेलं हे दान. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघटनांकडे) ठेवले. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज 240 होतं. त्यातून पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण.

हा हिशेब मी वहीत उतरवून घेतला. भिक्खू पावसाळ्यात या गुहेत ध्यानाला बसत होता, तेव्हा त्याच्या अंगावरच्या वस्त्रामागे गोवर्धनचे माग चालत होते. शांत बसण्याला कुणाचे तरी हात लागतात, आणि इथे ती गोष्ट दगडात कोरून सर्वांसमोर मान्य केली आहे. ऑफिसच्या सत्रांत मला हेच सापडत नाही. 1979 मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला, तिथून ‘माइंडफुलनेस’ दवाखान्यांत आणि मग कचेऱ्यांत पोहोचलं. रुग्णांचं दुःख हलकं करणं हे फार चांगलं काम आहे. पण कचेरीत येताना पंचशील, दान, संघ हे सगळं वाटेतच सुटलं. ताण माझा, श्वास माझा, उपाय माझा. तो ताण कामाच्या ज्या रचनेतून येतो तिच्याकडे कुणी पाहायचं?

दुपारनंतर इगतपुरी. धम्मगिरीचा सोनेरी पॅगोडा दुरून दिसतो. इथे 1976 पासून शिबिरं चालू आहेत. चालू शिबिरात पाहुण्यांना आत सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे; बाहेरच्या भागात माहिती मिळते. बाकीचं मावशीने सांगितलं. पहाटे चारला घंटा. मोबाइल, वही, पेन सगळं जमा. आर्य मौन, म्हणजे कुणाशीच बोलायचं नाही. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, दहाव्या दिवशी सगळ्यांचं भलं चिंतणारी मैत्री-साधना, आणि मौन सुटतं. फी नाही, राहण्या-जेवण्याचे पैसे नाहीत. आधी शिबिर केलेल्या कुणीतरी दिलेल्या दानातून तुमचं शिबिर होतं आणि तुम्ही दिलेल्या दानातून पुढच्याचं. उषवदाताचा शिलालेख सकाळी वाचला होता, त्यामुळे ही व्यवस्था ओळखीची वाटली.

ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका यांना ही साधना देणारे सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. भिक्खू नव्हेत, संसारी सरकारी अधिकारी. आपल्या कार्यालयातल्या लोकांना त्यांनी ध्यान शिकवलं. म्हणजे कचेरीत ध्यान ही गोष्ट काही नवी नाही; तिथे ते शीलाच्या पायावर उभं होतं, एवढाच फरक.

पाचवा दिवस, मंगळवार : गोराई, दादर

गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा ब्रह्मदेशातल्या यांगूनच्या (रंगूनच्या) श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर बांधला आहे. उद्घाटन 8 फेब्रुवारी 2009 ला झालं. घुमटाखाली एकही खांब नाही. दगड एकमेकांत अडकवत वर नेले आहेत, आणि खाली आठ हजार माणसं बसू शकतात. मुख्य सभागृहात बसता येतं ते शिबिर केलेल्यांनाच. मावशी एकदिवसीय शिबिरासाठी आत गेली, मी काचेपलीकडून पाहिलं. मग नव्या लोकांसाठी असतं ते थोड्या वेळाचं आनापान केलं आणि बुद्धचरित्राची चित्रं पाहिली. अजिंठ्याहून आल्यावर ती फार गुळगुळीत वाटतात. रेषेत ताण नाही, चेहरे एकसारखे. भक्ती खरी आहे, पण आजच्या बौद्ध चित्रकाराला अजिंठ्याच्या भिंतीसमोर महिनाभर बसवायला हवं असं वाटलं.

हा पॅगोडा ब्रह्मदेशाविषयीच्या कृतज्ञतेने उभारला आहे. बाहेर पायऱ्यांवर मावशीची वाट पाहताना माझ्या ध्यानात आलं, की आपल्याकडचे विपश्यनेचा आणि बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा असे दोन्ही प्रवाह तिथूनच आले आहेत. गोयंका ब्रह्मदेशातले. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर हेही मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. बाबासाहेब स्वतः 1954 मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. पुष्कळदा विपश्यना करणारे आंबेडकरी चळवळीपासून लांब राहतात आणि चळवळीतले लोक ध्यानाला पळवाट समजतात. दोन्ही बाजूंना हे मूळ ठाऊक व्हावं, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. मावशीच्या आयुष्यात ती दोन्ही एकत्र नांदतात आणि तिला त्यात काहीही अवघड वाटत नाही.

संध्याकाळी दादरला चैत्यभूमी. सांचीसारखं तोरण, अशोकस्तंभ, लहानसा स्तूप. 7 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांवर इथे अंत्यसंस्कार झाले. 6 डिसेंबरला लाखो माणसं येतात आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. परतताना हातात पुस्तक घेऊन जाणारी अशी यात्रा मला दुसरी माहीत नाही. आज साधा मंगळवार होता. कॉलेजच्या गणवेशातल्या दोन मुली, एक सफाई कामगार कामाच्या कपड्यांत, एक आजोबा नातवाला उचलून. मावशीने त्रिशरण म्हटलं, मीही.

बाहेर आल्यावर तिने सांगितलं, की पुढच्या शिबिरात ती साधनेला बसणार नाही, धम्मसेवेला जाणार आहे. म्हणजे स्वयंपाकघर, दालनाची झाडलोट, नव्या साधिकांची काळजी. “सत्तर बायका बसणार असतील तर भाजी कुणीतरी चिरायला हवी की नको?”

मी म्हटलं, “त्या सत्तरांत मला धर.”

दादर स्टेशनच्या फलाटावरच अर्ज भरला. शिबिर दहा दिवसांचं, येणं-जाणं धरून बारा. ऑफिसात रजेचं कारण काय द्यायचं, याचा मी विचार करत होते, तेव्हा मावशी म्हणाली, “जे आहे तेच लिही.” दुसऱ्या दिवशी तसाच अर्ज दिला.